पिठावरचे चार पाय

श्रीरामपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे शामकांत सर सकाळच्या एस.टी.ने पुणतांब्याला निघाले, ते फक्त भेटून यायला. त्यांच्या प्रयोगशाळेचा शिपाई कानिफनाथ तीन दिवसांपूर्वी गेला होता. बहात्तरचा दुष्काळ, गोदावरीत नुसती वाळू.

घरात विझल्या वातीचा वास कोंडला होता. जीव गेला त्या जागी, रीतीप्रमाणे, रात्री परातीत पीठ पसरून वर टोपलं पालथं घातलं होतं. सकाळी पिठावर ज्याची पावलं दिसतील, त्या जन्माला माणूस गेला असं धरतात. कोपऱ्यात कानिफनाथाची बायको भागूबाई बसली होती. तीन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"पावलं उमटली, पन..." तिचा दीर कारभारी दबकत म्हणाला. "किड्याला पाय सहा, ह्ये आमच्या कानिफानंच सांगितल्यालं. हितं चारच हायत. येवढं बारीक चार पायाचं जनावर कुटं आस्तं, सर? त्यो सुटला न्हाई... हितंच अडकलाय."

"मंग मी बी न्हाई जेवायची," भागूबाई म्हणाली.

असल्या गोष्टींवर सरांचा काडीचाही विश्वास नव्हता. पण बाई डोळ्यांदेखत वाळत चालली होती. त्यांनी खिशातून भिंग काढलं. केसाच्या टोकानं टोचावेत तसे चार-चार ठिपके. ओळ परातीच्या मधोमध सुरू होत होती आणि मधोमधच संपत होती. आत आल्याची खूण नाही... गेल्याचीही नाही. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

वर आढ्याला कोळ्याचं जाळं होतं. त्यात काडीसारखं काहीतरी हळूहळू झुलत होतं. सरांनी ते अलगद काचेच्या नळीत उतरवलं.

"डास हाय त्यो," कारभारी म्हणाला.

"डास कसला! याला पंखच नाहीत. मिशा बघा, केवढ्या लांब. आणि हे पुढचे दोन पाय आखूड, जाड, मांडीला आतून काटे. भक्ष्य धरायचे हातच ते. चालताना वर जोडून धरतो, टेकवतो फक्त मागचे चार. दोऱ्यासारख्या पायांचा मारेकरी ढेकूण म्हणतात याला. वहिनी, हा कोळ्याच्याच जाळ्यात फिरतो, पण कधी अडकत नाही."

भागूबाईनं नळी डोळ्यांशी धरली आणि तिला रडू फुटलं. "मला दावला हुता त्येंनी... हात जोडून हिंडतो म्हनायचे."

शेजारणीनं आणलेली भाकरी कारभाऱ्यानं घाईघाईनं ताटात घालून तिच्यापुढं ठेवली. तिनं पहिला घास मोडला, तेव्हा सरांना आपलं शिक्षण सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

परात झाकायला ते वाकले, आणि तसेच राहिले. ठिपक्यांची ओळ आता मधोमध संपत नव्हती. भागूबाईच्या ताटाकडच्या काठापर्यंत ती गेली होती. सरांनी हातातली नळी पाहिली. बूच घट्ट होतं. किडा आतच होता.

"वहिनी..." त्यांनी परातीकडं बोट केलं.

भागूबाईनं मान वर केली नाही. ताट थोडं सरकवून तिनं शेजारी जागा केली, आणि जेवत राहिली.