मुठीतली नळी

"जाऊ नका! वर या, वर!"

नळ्यांच्या फटीतून विबकेला एक भिजलेली टोपी दिसली. पावसाचा सपकारा चुकवायला कोणीतरी चर्चमध्ये शिरलं होतं.

"कोण बोलतंय?" टोपी चारी दिशांना फिरली.

"मी ऑर्गनच्या आत आहे हो. सूर लावतेय. बाहेर पट्टी दाबून धरायला कोणीतरी हवंय. आमच्या उस्तादांची कंबर धरलीय."

"मला फक्त मेंढ्या राखता येतात."

"मग जमेल. दाबायचं आणि गप्प बसायचं."

पहिलं त्याला लगेच जमलं. दुसरं चार दिवसांत जमलं नाही.

त्याचं नाव एन्नो. समुद्राच्या बांधावर त्याच्या मेंढ्या चरायच्या. सकाळी त्यांना सोडून तो हजर व्हायचा, किटलीभर चहा घेऊन. मध्ये नळ्यांची भिंत, अलीकडे ती, पलीकडे तो... आणि नुसत्या गप्पा.

"पुढची पट्टी," विबके म्हणायची.

"आधी सांग, तुझं लग्न झालंय?"

"पुढची पट्टी!"

"म्हणजे नाही."

ती आत एकटीच हसायची आणि मग स्वतःवरच चिडायची. सात वर्षांत तिने ऑर्गनचे चार कारखाने बदलले होते. एकीकडे नळ्यांचं कथील-शिसं ओतायला शिकली, दुसरीकडे भाते शिवायला. शिकून झालं की पायाला भिंगरी. इथून शनिवारी निघायचं होतं, थेट नॉर्वेतल्या कारखान्यात, दोन वर्षांसाठी; एन्नोलाही ते ठाऊक होतं. एरवी ती दिवस मोजून आनंदाने निघायची. या वेळी शनिवार जवळ आला तसं तिला जेवण जाईना आणि धड बसवेना. त्याने एकदा 'थांब' म्हणावं, असं तिला फार वाटत होतं. पण तो मेला मेंढ्यांचंच बोलायचा!

शुक्रवारी तो सांगत होता, बांधावरून घसरलेल्या कोकराला त्याने रात्रभर कोटात कसं धरून ठेवलं ते. बोलता बोलता त्याचा आवाज एकदम हळू झाला — "लहान जीव ना... सोडवेना." विबके ऐकतच राहिली.

शनिवारी विबके आणि एन्नो दोघंही वर असताना उस्ताद फोल्कर्ट कंबर धरून वर आले आणि एकेक पट्टी वाजवत गेले. बारीक सुरांपाशी थांबले. एक पट्टी पुन्हा वाजवली.

"ही नळी उतरलीय. मुठीत धरून कोणी लावली?"

विबकेचे कान तापले. हाताच्या उबेने नळीचा सूर चढतो, आणि मग गार झाली की उतरतो. कारखान्यात नव्या पोराला हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

"मी," ती म्हणाली.

"तू? माझ्याकडे आल्यापासून असं कधी केलं नाहीस!"

"नळी हातात होती, हे विसरलेच. हा बोलत होता."

उस्तादांनी एन्नोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पाच मिनिटांचं काम आहे. लाव, आणि निघू."

पाच मिनिटं! आता नाही बोललं तर पुढची दोन वर्षं बर्फात जीव जाळत बसावं लागणार.

"नळी पाच मिनिटांत लागेल, उस्ताद. माझं काही खरं नाही." ती एन्नोकडे वळली. "मला तू आवडतोस. तू काही बोलत नाहीस, म्हणून मीच बोलले. आता काहीतरी बोल!"

चार दिवस बडबडणाऱ्या एन्नोने नुसती टोपी काढली, पुन्हा घातली.

"मी... मेंढ्या भावाकडे दिल्यात," शेवटी तो म्हणाला. "परवाच. नॉर्वेचं तिकीटही काढलंय. पण तुला विचारायचा धीर होत नव्हता..."

"म्हणजे मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर एकटाच गेलो असतो. तिथेही ऑर्गन असतीलच की, दाबायला कोणीतरी लागतंच."

"गाढवा!" म्हणून विबके रडायला लागली, आणि उस्ताद जिना उतरू लागले, कंबर दुखत असूनही घाईघाईने.