अजून थोडी घरघर आहे

बंगळुरूच्या एस. पी. रोडवरच्या त्या चिंचोळ्या दुकानात सुचेता पोचली तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि तिच्या हातांना रग लागली होती. नऊ-दहा किलोचा पॉवर सप्लाय ती ओढणीत गुंडाळून घेऊन आली होती. तिचे बाबा, वासुदेवराव, हौशी रेडिओवाले. पुण्याहून लेकीकडे जे. पी. नगरला राहायला आले, तेही कपडे कमी आणि यंत्रंच जास्त घेऊन. गेल्या वर्षी ते गेले. त्यांचा रेडिओ सेट आता रेडिओवाल्यांच्या क्लबला द्यायचा होता. पण त्याआधी एकदा तो बोलताना ऐकायचा, एवढंच तिच्या मनात होतं. आणि सेटला वीज पुरवणारा हा डबाच बंद पडला होता.

"इल्ला मेडम," दुकानदारानं मान हलवली. इतका जुना माल तो हातात घ्यायलाच तयार नव्हता.

"मी बघू?" शेजारी उभा असलेला तरुण म्हणाला. त्यानं झाकण उघडून आत डोकावलं. "कपॅसिटर फुगलेत बघा. ट्रान्सफॉर्मर मात्र अजून पैलवान आहे."

"तुम्ही मराठी?"

"निपाणीचा. शिवकुमार." तो तिच्या ओठांकडे टक लावून बघत होता. सुचेताला ते जरा आगाऊ वाटलं… पण वाईट नाही वाटलं.

तो देवनहळ्ळीला विमानतळाजवळच्या एका लॅबमध्ये कामाला होता आणि स्वतःही रेडिओवाला होता. रविवारी येऊन दुरुस्त करून देतो म्हणाला, आणि खरंच आला. कपॅसिटर बदलले, सोल्डरिंग केलं, सप्लाय सुरू केला.

"मीटर ठीक दाखवतोय. तरी कान लावून बघा, घरघर आहे का?"

घरघर नव्हती. पण हे काम संपलं की हा माणूसही संपला, असं तिच्या मनात आलं आणि ती बोलून गेली, "आहे… थोडीशी."

"स्वल्प?"

"स्वल्प."

तो हसला. ते हसू बघून सुचेताला वाटलं, याला सगळं कळलंय.

मग पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही. तो डायोड बदलायचा, तारा नव्यानं जोडायचा. ती पोहे करायची. "इतकं चांगलं खायला मिळालं तर दुरुस्ती लांबणारच की ओ," तो म्हणायचा. ती बोलायला लागली की हातातलं काम ठेवून तिच्याकडे बघत राहायचा. इतकं लक्ष देऊन तिचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

चौथ्या रविवारी त्यानं विचारलं, "आता?"

सप्लायचं भिंतीवरचं बटण बंद होतं. टेबलावर चहाचे कप ठेवताना तिनंच ते चुकून बंद केलं होतं. तिला गंमत सुचली. "आहे अजून," ती म्हणाली आणि त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली.

शिवकुमारनं मुकाट्यानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"अहो… बटणच बंद आहे."

त्याचा हात थांबला.

"म्हणजे घरघर कधी नव्हतीच?"

"नव्हती. तुम्ही यावं म्हणून… मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"मला ती घरघर ऐकूच येत नाही." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "दोन्ही कान चाललेत. सेटवरचे आवाज दिवाळीपासून लागत नाहीत. माणसांचं बोलणं मी ओठांवरून भरून काढतो. कानाला यंत्र लावलं तरी वर्ष-दोन वर्षंच ऐकू येईल, म्हणतात डॉक्टर. वाटलं होतं, कान गेले तरी हात आहेत. या तीन आठवड्यांत वाटायला लागलं, हातही गेले."

सुचेताला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यानं हत्यारं पिशवीत भरली, सप्लायवरची धूळ पुसली. "हा चांगला चालतोय," म्हणाला आणि गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. तिच्या मेसेजना उत्तर नाही. मंगळवारी सुचेतानं रजा टाकली, दोन बस बदलून देवनहळ्ळी गाठली. लॅब सुटली तेव्हा तो तिला बसथांब्यावर दिसला.

"दया आली असेल तर जा," तो म्हणाला.

"दया नाही. शरम वाटतेय. आणि… मला तुम्ही आवडता."

नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान उतरत होतं, आणि ती खाली मान घालून बोलली होती. "काय म्हणालात?" त्यानं विचारलं.

तिनं मान वर केली आणि शक्य तितक्या मोठ्यानं सांगितलं, "मला तुम्ही आवडता."

थांब्यावरचे लोक वळून बघायला लागले. कोथिंबिरीच्या पेंढ्या घेऊन बसलेली एक अक्का हसली.

शिवकुमारचे डोळे भरून आले. "ऐकलं," तो म्हणाला. तिच्या हातावर त्यानं हात ठेवला. "मलाही तू… पहिल्या दिवसापासून. पुढचं सगळं अवघड आहे, सुचेता. पण आत्ता बोल. काहीही बोल, मला ऐकू दे."

आणि तिला रडू असं फुटलं, की तोंडातून शब्दच निघेना.