लॉर्नचे बूट

बागेला तिकीट नव्हतं, रखवालदारही नव्हता. म्हाताऱ्या एमॉसनं मोहावी वाळवंटातल्या उजाड माळावर भंगारातून पुतळे उभे केले होते. कुणीही यावं, हिंडावं, कोल्हे शिरू नयेत म्हणून जाताना फाटक तेवढं लावावं. एमॉसच्या पश्चात गावात रीत पडली होती: घरातलं माणूस गेलं, की त्याची एखादी वस्तू बागेला द्यायची. गावकरी तिच्यातून पुतळा उभारत.

पण गेलेल्याचीच. व्हर्नाचं डोकं फिरलं होतं ते त्यामुळे.

तिचा भाऊ लॉर्न दोन वर्षांपूर्वी समोरच्या डोंगरांत गेला तो परतलाच नाही. प्रेतही सापडलं नाही. तरी त्याच्या बायकोनं, मार्वानं, त्याचे बूट देऊन टाकले होते. व्हर्ना ते परत न्यायला आली होती, मार्वालाही सोबत ओढून.

"जिवंत माणसाला पुरून मोकळी झालीस."

"तू बस वाट बघत," मार्वा म्हणाली. "पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं."

पुतळा कोपऱ्यात होता. गीझरच्या टाकीचं धड, नळांचे हात, काँक्रीटमध्ये रोवलेल्या सळयांवर बूट. तोंड रस्त्याकडे.

मार्वा थबकली. "डोंगराकडे होतं गं."

"वाऱ्यानं फिरलं असेल."

"काँक्रीट?"

व्हर्नानं हातातला पाण्याचा सीलबंद कॅन खाली ठेवला आणि एक बूट ओढून काढला. जाण्याआधी लॉर्ननं या बुटांना नवे तळ बसवले होते. घातले मात्र नव्हते. गेला तो दुसरे जुने घालून.

तळ पार झिजला होता. टाच बाहेरच्या बाजूनं जास्त. लॉर्न तस्साच फेंगडा चालायचा.

तिनं आत हात घातला. ओलं होतं. घामाचा वास आला, ओळखीचा.

"घे ना," मार्वा कुजबुजली. "न्यायचे होते ना तुला? ने लवकर!"

व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता.

"अनवाणी कसा येईल तो?"

तिनं बूट जपून परत चढवला. कॅन तिथेच ठेवून दोघी निघाल्या.

मागे कट् झालं. कॅनचं सील तुटल्यासारखं.

कुणी वळून पाहिलं नाही.

"फाटक, व्हर्ना. फाटक लाव."

व्हर्नानं ते सताड उघडं ठेवलं. तिथून गावाकडे एकच रस्ता जातो, आणि त्यावर पहिलं घर मार्वाचं आहे.