फुगा जवळच पडला

फुगा दोनच डोंगरांपलीकडे पडल्याचं कळलं आणि त्याची पेटी आणायला आम्ही तिघं निघालो: मी, माझी ताई आणि भावोजी. ताई हवामानशास्त्रज्ञ. भर उन्हाळ्यात एखाद्याच खोऱ्यावर आभाळ का कोसळतं, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. त्यासाठी ती घराएवढ्या फुग्याला नोंदी घेणारी पेटी बांधून आकाशात सोडायची. फुगा खूप उंचावर जाऊन फुटायचा, पेटी हवाई छत्रीला लटकून खाली यायची. कुठे? तर वरचा वारा नेईल तिथे! आजवरच्या साऱ्या पेट्या त्या मेल्या वाऱ्याने समुद्रात नाहीतर निबिड रानात नेऊन टाकल्या होत्या. ही शेवटची. हिच्यातल्या नोंदी हाती आल्या नाहीत तर काम बंद, असं वरिष्ठांनी स्वच्छ सांगितलं होतं.

डोंगर आणि दोर हे माझं खातं. भावोजी शाळेत गणित शिकवतात, पण बायकोच्या पेटीचं ओझं वाहायला प्रत्येक मोहिमेत हजर. पेटी इतकी जवळ पडलेली बघून ते म्हणाले, फुग्याला शेवटी जावयाची दया आली. मीही खूश होतो. इतकी वर्षं रानोमाळ भटकल्यावर आयतं घबाड हाती येणार होतं, देवच पावला म्हणायचा!

पेटी पडली होती ती घळ अरुंद होती. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, तळाशी गोटे आणि त्यांच्यामधून वाहणारी पाण्याची बारीक धार. ऊन रणरणत होतं. एका वळणावर झुडपात अडकलेली छत्री दिसली आणि तिच्याखाली पेटी, एक ओरखडासुद्धा नाही! ताईने पेटीला मिठी मारली. भावोजींनी ती पट्ट्यांनी पाठीवर बांधली आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले. घळीच्या माथ्यावर एक काळाकभिन्न ढग उभा होता, तिकडे ताई टक लावून बघत राहिली. आम्ही निघालो तेव्हाही तो तिथेच होता, असं ती म्हणाली.

तेवढ्यात पहिले थेंब पडले. थेंब कसले, खडेच! पाठोपाठ वीज समोरच्या कड्यावर कोसळली आणि दगडाच्या चिपा आमच्या अंगावर उडाल्या. मी दोघांना जवळच्या कपारीत ओढलं. उन्हाळी पाऊस म्हणजे घटकाभराचा तमाशा, चहा प्या, तो ओसरला की निघू, असं म्हणत मी थर्मास उघडला. हयात डोंगरात गेली होती माझी, नियम पाठ होता.

"हा ओसरणार नाही," ताई म्हणाली. "रोज वरचा वारा ढगाला पुढे हाकतो, म्हणून पाऊस येतो आणि जातो. आज पूर्वेला जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसलीय, अख्ख्या देशाएवढी. तिने वरचा वारा अडवलाय. खालून मात्र समुद्राची दमट हवा येतेच आहे. ढग हलणार नाही आणि रिकामाही होणार नाही. पेटी जवळ का पडली, कळलं? तिला लांब न्यायला वर वाराच नव्हता!"

डोंगर मला शिकवू नकोस, असं मी फाडकन सुनावलं. ती वाद घालत बसली नाही. माझ्या खांद्यावरचा दोर तिने काढला आणि सरळ पावसात चालायला लागली. झक मारत आम्ही दोघं तिच्यामागे गेलो.

उतरताना ज्या चिंचोळ्या वाटेने आलो होतो, तिचा धबधबा झाला होता. मी आधी चढलो. दोर झाडाला बांधला. ताई आली. भावोजी दोर कमरेला बांधून चढू लागले. खाली घळ गरजली! घळीच्या वरच्या अंगाने चिखलाची भिंतच आली, तिच्यात झाडं, तिच्यात घरंगळणाऱ्या शिळा. आम्ही जिथे चहा पिणार होतो ती कपार एका धडकेत फुटली.

आणि भावोजींचा पाय सुटला. ते पाण्याच्या लोटात दोराला लोंबकळले. पाण्याचा सगळा मारा पाठीवरच्या पेटीवर येत होता आणि पेटी त्यांना खाली खेचत होती. मी ओढत होतो. तळहातांची सालं निघाली. दोर तसूभर हलेना. पेटी सोड, ताई ओरडली. भावोजींनी मान हलवली. नाही! पुन्हा ओरडली. पुन्हा नाही!

ताई दोराला धरून खाली गेली. एका हाताने सुरी काढली आणि एक पट्टा कापला. दुसरा कापला. पेटी निसटली, तर या बाबाने तिचा कापलेला पट्टा मुठीत घट्ट धरला! शिव्या हासडल्या मी त्यांना, जावई म्हणून गय केली नाही. पाणी त्यांच्या नाकातोंडात जात होतं, हात खांद्यातून उखडायला आला होता, तरी बोटं सुटेनात. मग ताईने वाकून त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं तरी सोडलं नाही. बोटं उघडली. पेटी दोनदा उसळली आणि चिखलात दिसेनाशी झाली.

मी जिवाच्या आकांताने ओढलं. या खेपेला दोर हलला.

तिघेही कसेबसे गाडीत पोचलो. टपावर पाऊस तसाच बडवत होता, ढग तसूभर सरकला नव्हता. वायरलेसवर हवामान केंद्राचा पहिलाच प्रश्न आला: पेटी मिळाली का?

"मिळाली होती. मीच सोडली," ताई म्हणाली. "आता नीट ऐका. हा पाऊस उद्याही इथेच पडणार. खालचा नदीकाठ रिकामा करा. आत्ता."

आधार काय, असं तिकडून विचारलं. तिने सांगितलं: पेटी जिथे पडली ती जागा. लोकांना हलवायला सांगतो, असं पलीकडून कुणीतरी म्हणालं.

ताईने वायरलेस ठेवला आणि तिला रडू फुटलं, लहान पोरासारखं, मोठ्याने. माफ कर, हात सुटला गं, असं भावोजी पुटपुटले. ती हुंदके देतच त्यांच्यावर ओरडली, "मेला असतास तर कुणाला चावले असते मी?"

भावोजींनी त्याच रक्ताळलेल्या हाताने तिचे डोळे पुसले, आणि मी गाडी चालू केली.