सहावी काच

"खाली बघू नको, नुसती पायरी बघ," धुळाप्पा म्हणाला आणि कॅमेऱ्याच्या तिपाईचं पुढचं टोक त्यानं खांद्यावर आणखी वर सरकवलं. मागचं टोक चंद्रप्रभाच्या खांद्यावर होतं. उपळी बुरुजाच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या. तिचा परकर पायात येत होता, पण तिपाई खाली ठेवायची तिची तयारी नव्हती. तिच्यामागं तिचा धाकटा भाऊ गोपाळ पाण्याची कळशी घेऊन येत होता आणि दर दहा पायऱ्यांनी थोडं पाणी स्वतःच पिऊन कळशी हलकी करत होता. सगळ्यांच्या पुढं धुळाप्पाचं काळंपांढरं करडू टुणटुण उड्या मारत चाललं होतं.

"हे करडू पण फोटोत येणार का?" गोपाळनं विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरं दिसंल," धुळाप्पा म्हणाला.

मे महिन्याची सुट्टी होती. चंद्रप्रभाचे वडील नळदुर्गच्या शाळेत गुरुजी, आणि धुळाप्पा तिच्याच वर्गात. सोलापूरहून बाबूरावमामा आपला मोठा पेटी-कॅमेरा घेऊन आले होते. अख्खा किल्ला, बोरी नदी, गाव आणि पलीकडचं माळरान एकाच फोटोत आणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. एवढा रुंद देखावा एका फोटोत मावत नाही. म्हणून तिपाईवर कॅमेरा जागचा न हलवता थोडा थोडा फिरवायचा, सहा काचांवर सहा फोटो घ्यायचे आणि ते शेजारी शेजारी जोडायचे. मामांच्या काचा एवढ्या बारकाईनं टिपत, की भिंगातून पाहिलं तर नदीवर धुणं पिळणाऱ्या बाईच्या हातातल्या बांगड्याही दिसाव्यात. हा फोटो मुंबईच्या प्रदर्शनात जाणार होता. काचा मात्र मोजून सहाच उरल्या होत्या.

चार फोटो छान झाले. पुढच्या दोन काचा अंधारात भरायला हव्या होत्या, म्हणून मामा खालच्या खोलीत उतरले. जाताना त्यांनी बजावलं, की तिपाईला कुणी बोट लावायचं नाही. ती केसभर हलली तरी सगळी मेहनत पाण्यात. त्यांनी चंद्रप्रभाला राखणीला बसवलं. ती मोठी होती आणि शहाणी होती.

गोपाळ आणि धुळाप्पा बुरुजाच्या दुसऱ्या कडेला लांबलचक तोफ बघायला गेले. करडू तिपाईभोवती घुटमळत राहिलं. चंद्रप्रभा थोडा वेळ शहाण्यासारखी बसली. मग तिनं कॅमेऱ्यावरचं काळं कापड हळूच उचललं आणि आत डोकं घातलं.

आतल्या दुधी काचेवर सगळं जग उलटं लटकलं होतं. वर नदी, खाली आभाळ, आणि त्या आभाळाकडं डोकं करून चालणारी बैलगाडी. ती बघतच राहिली. जिन्यात मामांच्या चपला वाजल्या तेव्हा ती दचकून मागं सरली, आणि तिची टाच तिपाईच्या पायाला लागली. कॅमेऱ्याचं तोंड खाली झुकलं. तिनं घाईघाईनं तिपाईचा पाय होता तिथं सरकवला, पेटी नजरेच्या अंदाजानं सरळ केली, आणि मामा वर आले तेव्हा ती हात मांडीवर ठेवून बसलेली होती.

पश्चिमेकडून ढग येत होते. मामांनी दुधी काचेत पुन्हा डोकावलंच नाही. खुणेप्रमाणं पेटी फिरवली आणि उरलेल्या दोन्ही काचा उरकल्या. आता सांगावं, असं चंद्रप्रभाला वाटलं. पण सगळं नीट बसलं असेलच, मग उगाच कशाला, असंही वाटलं. तेवढ्यात मामांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंधाऱ्या कोठीत मामांनी काचा धुतल्या, कागदावर फोटो छापले आणि घरी सतरंजीवर मांडले. पहिले चार एकमेकांना असे मिळाले, की सांधा कुठं आहे ते बोटानं चाचपावं लागावं. पाचवा लावला, आणि नदी पायरी चढल्यासारखी दोन बोटं वर गेली. क्षितिजही वर गेलं. सहाव्यात तर किल्ल्याच्या तटाचा पायथाच जास्त, आभाळ कमी.

मामा उकिडवे बसून सांधा निरखत होते. मग म्हणाले, "तिपाईच्या पायाशी मी लेंड्या बघितल्या होत्या. त्या करडानं धक्का दिला."

चंद्रप्रभानं तोंड उघडलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, की त्या पोराला जनावर घेऊन वर येऊ द्यायलाच नको होतं. चंद्रप्रभानं तोंड मिटलं.

संध्याकाळी मामा धुळाप्पाच्या वडिलांना, बिभीषणला, बोलून आले. काय बोलले ते त्यांनी घरी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. ताटात तिच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी होती. ती तिनं ताटातच ठेवली. पुढचे तीन-चार दिवस धुळाप्पा खेळायला आला नाही. त्याच्या घरावरून जायची वेळ आली की ती देवळामागून वळसा घालून जायची. कुणी तिला शहाणी म्हटलं की तिला ते चिमट्यासारखं लागायचं.

वाया गेलेले दोन फोटो गोपाळनं खेळायला घेतले होते. एका सकाळी तो मामांचं भिंग लावून सहाव्या फोटोवर पालथा पडला होता.

"ताई, इथं एक माणूस पेटीवर बसून बिडी ओढतोय," तो म्हणाला. "आणि पेटीवर कवटी काढलीय."

तिनं भिंग घेतलं. तटाच्या पायथ्याला, पडक्या कमानीच्या आडोशाला लाकडी पेट्यांची चळत होती. एकीवर खरंच कवटी आणि दोन हाडं होती. तिथून थोड्याच अंतरावर मजुरांच्या झोपड्या, तीन दगडांच्या चुली आणि मातीत खेळणारी दोन नागडी पोरं. हैदराबादच्या सडकेचं रुंदीकरण चाललं होतं. रोज दुपारी सडकेच्या कामावरून सुरुंगांचे आवाज यायचे, तेव्हा पेट्यांत काय असणार हे सांगायला कुणी नको होतं. सुरुंगाच्या दारूची कोठी खाणीपाशी, वस्तीपासून लांब आहे, असं गावात सगळे समजून होते.

"आत जाऊन बघायला पाहिजे," गोपाळ म्हणाला. "पण तिकडची वाट आपल्यात फक्त धुळाप्पाला माहीत आहे."

चंद्रप्रभाला धुळाप्पासमोर जायचं नव्हतं. पण त्या दोन पोरांकडं बघून तिला थांबवेना.

धुळाप्पा नदीकाठी शेरडं चारत होता. काळंपांढरं करडू कुठं दिसेना. गोपाळनं विचारलं तेव्हा त्यानं काठीनं माती उकरत सांगितलं, की आबांनी मंगळवारच्या बाजारात दिलं. गुरुजींच्या पाहुण्याचं एवढं नुकसान केलेलं जनावर दारात नको म्हणाले.

"कुणाला दिलं?" गोपाळनं विचारलं.

"खाटकाला," धुळाप्पा म्हणाला. मग चंद्रप्रभाकडं बघून तो म्हणाला, "माझीच चुकी हाय. म्या तोफ बघत बसलो अन् त्याच्याकडं ध्यानच ऱ्हायलं न्हाय. मामा लई रागावलेत का अजून?"

त्यानं तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं नुसती मान हलवली आणि घाईघाईनं फोटोचं सांगून टाकलं.

धुळाप्पा पुढं झाला. तटाच्या पडलेल्या दगडांतून शेरडांची वाट होती. एका ठिकाणी वाट तुटली होती, तिथं त्यानं वळून हात दिला. तो हात धरताना चंद्रप्रभाला त्याच्या तोंडाकडं बघवलं नाही.

कमानीच्या आडोशाला पोत्यांखाली पेट्या होत्या. शेजारी वातीची भेंडोळी, आणि जमिनीवर विझलेल्या बिड्यांची थोटकं. वाऱ्याबरोबर चुलीतला धूर सरळ तिकडंच येत होता.

ते तसेच सडकेच्या कामावरच्या मुकादमाकडं, कल्याणप्पाकडं गेले. त्यानं ऐकून घेतलं, हसला, आणि पोरांनी मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये असं सांगून हाकलून दिलं. मागं वळून बघितलं तेव्हा तो हसत नव्हता.

मग चंद्रप्रभानं फोटो मामांपुढं आणि वडिलांपुढं ठेवला. ते लगेच उठले. दुपार कलायच्या आत फौजदार दोन शिपायांना घेऊन किल्ल्यात आले. मुलंही बरोबर होती. कमानीपाशी पोचले, तर जागा रिकामी. पेट्या नाहीत, पोती नाहीत. जमीनसुद्धा झाडून काढलेली.

कल्याणप्पा हात जोडून उभा होता. दारू खाणीवरच्या कोठीतच असते, तो म्हणाला. हा फोटो दुसऱ्या कुठल्या तरी जागेचा असेल, पडक्या कमानी काय किल्ल्यात कमी आहेत?

"अन् सायेब, बुरुजावर कॅमेरा सरळ लावला तर हा पायथा दिसतच न्हाय. फोटोवाल्या सायबांनाच इचारा."

फौजदारांनी मामांकडं पाहिलं. मामा खरं बोलणारे होते. ते म्हणाले, की कॅमेरा सरळ असता तर ही जागा फोटोत यायला नको होती, हे खरं आहे. करडाच्या धक्क्यानं तो थोडा हलला असेल, पण इतका खाली कसा झुकला ते त्यांना सांगता येत नव्हतं. फौजदारांनी फोटो परत केला आणि टोपी सारखी केली. आता ते निघणार, हे चंद्रप्रभाला कळलं. समोरच्या झोपडीत एक बाई फुंकणीनं चूल पेटवत होती.

"करडानं नाही," चंद्रप्रभा म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "करडानं धक्का दिला नाही. मी दिला. मी कापडात डोकं घातलं होतं. माझा पाय लागला आणि कॅमेरा खाली झुकला. मी तो अंदाजानं सरळ केला, पण तो पुरता सरळ झालाच नसेल. मी कुणाला सांगितलं नाही."

धुळाप्पा तिच्याकडं बघत होता. ती फौजदारांकडंच बघत राहिली, कारण दुसरीकडं बघायचं धैर्य तिच्यात नव्हतं.

फौजदारांनी मामांना कॅमेरा पुन्हा बुरुजावर लावायला सांगितलं. त्या दिवशी पेटी कशी ठेवली होती ते चंद्रप्रभानं दाखवलं. फौजदार स्वतः काळ्या कापडात वाकले. बाहेर आले तेव्हा त्यांनी फोटो पुन्हा मागून घेतला. तीच कमान, तोच तुटका दगड, त्याच झोपड्या.

"जागा हीच," ते म्हणाले. "मग पेट्या गेल्या कुठं?"

गोपाळ वरून खाली बघत फोटोशी ताडून पाहत होता. फोटोत झोपड्यांमागची जागा मोकळी होती. आता तिथं कडब्याची गंज उभी होती.

"कडबा?" धुळाप्पा म्हणाला. "हितं तर एकाकडं बी जनावर न्हाय. कडबा कुणासाठी?"

फौजदारांनी आधी सगळ्या चुलींवर पाणी ओतायला लावलं, पोराबाळांना नदीकडं पाठवलं आणि मगच गंज उपसली. पेट्या तिच्याखालीच होत्या. आधी होत्या त्याहूनही चुलींच्या जवळ. एक ठिणगी पुरली असती. सडकेच्या कामाची दारू आणायला रोज उन्हात खाणीपर्यंत चढउतार नको, एवढ्यासाठी कल्याणप्पानं हा उद्योग केला होता. शिपाई त्याला घेऊन गेले.

फौजदारांनी मुलांना शाबासकी दिली. मामांनी चंद्रप्रभाला जवळ घेतलं आणि म्हणाले, की काचेत पुन्हा न डोकावता फोटो उरकले ती चूक त्यांची स्वतःची, आणि दोष देऊन मोकळे झाले तीही त्यांचीच. मजुरांतल्या एका म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. चंद्रप्रभाला त्यातलं काहीच अंगाला लागेना. तिनं वळून पाहिलं, तर धुळाप्पा निघून गेला होता.

ती तशीच त्याच्या घरी गेली. मामा बरोबर येतो म्हणाले, पण तिनं नको म्हटलं. बिभीषण दारात दोर वळत बसला होता आणि हरणाबाई, धुळाप्पाची आई, ज्वारी पाखडत होती. चंद्रप्रभानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. धक्का तिनं दिला, गप्प ती बसली, धुळाप्पाचा आणि करडाचा काही दोष नव्हता. सांगताना ती रडणार नाही असं तिनं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

हरणाबाईचं सूप थांबलं. बिभीषणनं दोर बाजूला ठेवला.

"म्या बी पोराला न इचारता हात उगारला," तो हळू म्हणाला. मग चंद्रप्रभाकडं बघून, "चुकी समदेच करत्यात, बाई. पन दारात येऊन सांगणारं मानूस म्या आजवर बघितलं न्हवतं." त्यानं आत हाक मारली. धुळाप्पा बाहेर आला तेव्हा बापानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही.

"तुझं करडू…" चंद्रप्रभानं सुरुवात केली.

"ते आता यायचं न्हाय," धुळाप्पा म्हणाला. "लई गुणाचं हुतं."

"मला माहीत आहे."

"तू तवाच बोलायला पायजे हुतं."

"हो."

शेरडांना पाण्यावर न्यायची वेळ झाली होती. धुळाप्पानं काठी घेतली आणि वाड्याचं फाटक काढलं. एक शेळी कळप सोडून भलतीकडं निघाली. तो दुसऱ्या बाजूला होता. चंद्रप्रभानं डोळे पुसले आणि धावत जाऊन तिला वळवलं.

"उजवीकडनं घे," तो तिकडून म्हणाला. "ती लई द्वाड हाय."

ती उजवीकडून गेली.