तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं?

काचेच्या दाराबाहेर तो उभा होता आणि दार काही केल्या उघडत नव्हतं. पावसाची रिपरिप चालू होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कोरंकरकरीत कार्ड. ते तो यंत्रावर टेकवत होता, बाहीला पुसत होता, पुन्हा टेकवत होता... आणि यंत्रावरचा लाल दिवा काही हिरवा व्हायला तयार नव्हता.

ती छत्री मिटत पायऱ्या चढली आणि क्षणभर नुसती बघत राहिली. चिडायचं सोडून हा माणूस यंत्राशी हळू आवाजात बोलत होता. "अरे बाबा, ओळख ना..."

"नवीन आहात?" तिने विचारलं.

"आजच आलो. तीन महिन्यांसाठी." तो ओशाळून हसला. "कार्ड आधीच पोस्टाने मिळालं, पण दाराला माझ्याबद्दल बहुतेक कोणी सांगितलेलं नाही."

तिने जीभ चावली. सांगायचं काम तिचंच होतं! मनुष्यबळ विभागात तिला आठ वर्षं झाली होती आणि या पाहुण्याचा फॉर्म शुक्रवारपासून तिच्याच टेबलावर सहीची वाट बघत पडला होता. तिने गुपचूप आपलं कार्ड टेकवलं. दार उघडलं.

"या, आत या. असं करायचं नसतं खरं तर... पण तुम्ही भिजताय."

"आभारी आहे."

"आणि काम काय आहे तुमचं इथे?"

"हेच बंद करणं," तो केसांतलं पाणी झटकत म्हणाला. "एकाच्या कार्डावर दुसरा आत शिरतो ना... ते."

दोघंही हसली. तिचं हसू टेबलापाशी पोहोचेपर्यंत काही आवरलं नाही, आणि तिला स्वतःचाच थोडा राग आला.

काम समजायला सोपं होतं. कंपनीत दोन सिस्टीम होत्या. तिच्या सिस्टीमला माणूस ठाऊक होता: कधी आला, कुठल्या विभागात आहे, कधी गेला. दुसरीला फक्त कार्ड ठाऊक होतं: कोणतं कार्ड कोणतं दार उघडतं. त्या दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलत नसत. मधला निरोप्या म्हणजे ती, तिचे फॉर्म आणि तिच्या सह्या. आता हा येऊन त्या दोघींना जोडणार होता. इकडे नोंद झाली की तिकडे दार उघडेल, इकडे माणूस गेला की तिकडे दार बंद. गेटवरच्या मामांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'जोडारी' ठेवलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं.

जोडायच्या आधी दोन्ही याद्या जुळवायच्या होत्या. बावीस कार्डं अशी निघाली, की ज्यांना माणूसच नव्हता. मग रोज दुपारी तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून तो बसू लागला.

"क्रमांक त्रेसष्ट. बंद करू?"

"अहो, त्या कँटीनच्या बाई! मुलीच्या बाळंतपणाला गेल्या आणि तिकडेच रमल्या. जाताना माझ्या खणात लोणच्याची बरणी ठेवून गेल्या होत्या... आणि मला कळलं पंधरा दिवसांनी, वासावरून."

"म्हणजे... बंद?"

"करा. तुम्हाला हो की नाही एवढंच लागतं का हो?"

"काम हो-नाहीचं आहे," तो गालातल्या गालात हसत म्हणाला. "पण बरणीचं पुढे काय झालं?"

दोन दिवसांचं काम असं तीन आठवडे पुरलं. तो ऐकायचा छान, हनुवटी मुठीवर टेकवून. आणि तिला आठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी या गेलेल्या माणसांबद्दल विचारत होतं. येणाऱ्यांना 'या' आणि जाणाऱ्यांना 'येत जा' म्हणणं एवढंच तिचं काम. 'थांबा' असं तिने कधी कोणाला म्हटलं नव्हतं. तिच्या फॉर्मात तशी सोयच नव्हती.

ती मात्र त्याच्यामागे एका गोष्टीवरून हात धुऊन लागली होती. 'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं' हा रकाना त्याने कोराच ठेवला होता.

"लहान मुलं भरतात हो हा रकाना! आईचं नाव घाला."

"आईला नको." पहिल्यांदाच त्याचा आवाज उतरला. "मला साधी सर्दी झाली तरी ती रात्रभर जागते. उद्या कोणी परक्याने फोन करून काही सांगितलं तर... मी दर तीन महिन्यांनी नव्या गावात असतो. असू दे कोरा. जाण्याआधी भरतो काहीतरी."

तिने पुढे ताणलं नाही. पण संध्याकाळी घरी जाताना तिच्या मनात तो कोरा रकानाच घोळत राहिला. एवढा जिवंत, बोलका माणूस, आणि काही झालं तर कळवायला कोणी नाही?

शेवटी यादीत एकच कार्ड उरलं. क्रमांक एकशे अठरा. त्याने आकडा उच्चारला आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.

"हे माझ्या बाबांचं," ती म्हणाली. "ते इथेच स्टोअरमध्ये होते. तीन वर्षांपूर्वी, नोकरीत असतानाच गेले. बाकीच्यांचे फॉर्म नुसते राहून गेले. हा मी मुद्दाम नाही पाठवला. खणात आहे, सही करून ठेवलेला."

जोडारी पेनचं टोपण उघडत-मिटत राहिला.

"त्या दिवशी सकाळी बरं नव्हतं त्यांना. मी दारातून 'येते हं' एवढंच म्हटलं. इतकं काही बोलायचं होतं हो... मला वाटलं, संध्याकाळी बोलू." तिने नाक पुसलं. "वेडेपणा आहे, माहीत आहे मला. कार्ड चालू ठेवून माणूस थोडाच येतो!"

"वेडेपणा नाही," तो हळूच म्हणाला. "पण दोन्ही सिस्टीम जोडल्या की ते आपोआप बंद होईल. मला वाटतं... त्याआधी ते तुम्ही करावं. मी बाहेर थांबतो."

"बाहेर नको. इथेच थांबा."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कोणाला तरी 'थांबा' म्हटलं. तो थांबला. तिने बटण दाबलं. पडद्यावर एकशे अठरा फिकट झाला आणि ती रडली, चांगली भरभरून. त्याने पाण्याचा ग्लास तेवढा पुढे सरकवला आणि खोलीचं दार लोटून घेतलं, कोणी डोकावू नये म्हणून.

त्यानंतर त्यांची गमतीची भांडणंही वाढली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला कार्ड बंद पडेल असा नियम त्याने लिहिला, तेव्हा ती फणकारली, "अहो, शेवटच्या दिवशी माणूस सहाला कधी निघतो का? निरोप घेता घेता पाय अडखळतात. बाहेर पडायलाही कार्ड लागतं, आतच अडकेल बिचारा!"

"बदलतो," तो म्हणाला. "आठवणीने बदलतो."

जोडणी सुरू झाली आणि चोख चालली. सगळे खूश. नाराज फक्त मामा, कारण त्यांच्या टेबलाखालचं दार उघडायचं बटणही नव्या नियमात काढून टाकलं गेलं.

आणि मग तो शुक्रवार उजाडला. तीन महिने संपले होते. पुढचं काम दुसऱ्या शहरात होतं, रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. दुपारी तिने त्याची नोंद उघडली आणि 'शेवटचा दिवस' यापुढे आजची तारीख घातली. सिस्टीमने ती घेतलीच नाही. 'तातडीचा संपर्क भरा.' तिला हसूही आलं आणि रडूही. तिने आतल्या फोनवरून त्याला झापलं, "तुमचा रकाना! तुमच्यापायी माझं काम अडलंय."

"भरतो, भरतो. पाच मिनिटं द्या."

पाच मिनिटांनी नोंद स्वीकारली गेली. त्याने काय भरलं ते तिने पाहिलं नाही. डोळे भरून आले होते आणि शेजारच्या टेबलवाल्या टक लावून बघत होत्या.

निरोपाच्या चहाला सगळे जमले. ती भिंतीला टेकून उभी राहिली. सांगायचं ओठांवर होतं. तो समोर आला, तिच्या डोळ्यांत बघत राहिला... आणि ती म्हणाली, "येत जा." झालं! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

ऑफिस रिकामं झालं. तिचं पाऊल उचलत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"मी खाली दारात आहे," जोडारीचा आवाज. "अडकलोय. सहा वाजून तीन मिनिटं झालीत."

लॅपटॉप काखेत मारून ती जिन्याने धावतच खाली आली. आतल्या बाजूला तो बॅग घेऊन उभा, आणि यंत्राचा दिवा लाल.

"नियम कोणाचा?" धापा टाकत तिने विचारलं.

"माझा."

"मी काय सांगितलं होतं?"

"बदला म्हणून. राहून गेलं... शप्पथ, खरंच विसरलो."

तिने आपलं कार्ड काढलं, तशी त्याने यंत्रावर हात ठेवला. "तुमच्या कार्डावर नको. माझी वेळ वाढवा."

"पहिल्या दिवशी बरं चाललं!"

"तेव्हा नियम नव्हता."

"धन्य आहे तुमची!" करवादत तिने पायरीवर बसून त्याची नोंद उघडली. वेळेच्या वरच तो रकाना होता. दहा आकडे. तिने एकदा वाचले, दोनदा वाचले. तिचाच नंबर होता. पुढे 'नातं' या जागी यादीतला शेवटचा शब्द निवडलेला: इतर.

"हा माझा नंबर आहे."

"हो."

"आईला घोर लागतो म्हणून तिचा घातला नाहीत. मला लागणार नाही असं वाटलं तुम्हाला?"

तो तिच्याशेजारी पायरीवर टेकला. "लागावा, असं वाटलं."

बाबांशी जे बोलायचं होतं ते तिने संध्याकाळवर ढकललं होतं. आज संध्याकाळ झालेलीच होती.

"मग ऐका," ती म्हणाली. "तुम्ही गेलेलं मला चालणार नाही. म्हणजे जा, काम आहे तुमचं, ते कळतं मला. पण मला तुम्ही आवडता. फार. रोज दुपारी ती खुर्ची रिकामी दिसणार म्हणून मी आठवडाभर रडतेय... आणि तोंडाने काय म्हणते, तर येत जा!"

तिने वळून बघितलं तर त्याचेच डोळे पाणावलेले.

"आणि हे 'इतर' काय?" आवाज सावरत ती म्हणाली. "आठ वर्षं मी लोकांना ओरडतेय, 'इतर' लिहू नका, नातं स्पष्ट लिहा म्हणून."

"मैत्रीण लिहिलं तर कमी पडत होतं. आणि त्यापुढचं लिहायला... तुम्हाला विचारलं नव्हतं. विचारू?"

"थांबा." तिने वेळ साडेसहा केली आणि नोंद जतन केली. "आधी कार्ड लावा."

त्याने कार्ड टेकवलं. दिवा हिरवा झाला आणि काचेचं दार सरकलं. बाहेरची गार हवा आत आली.

"आता विचारा," ती उठत म्हणाली. "दार उघडं आहे. अडकलात म्हणून विचारलंत, असं नको व्हायला."

त्याने दारात उभं राहूनच विचारलं, अडखळत, शब्द दोनदा चुकवत. तिने अगदी स्पष्ट 'हो' म्हटलं.

"अहो जोडारी!" गेटवरून मामा ओरडले. "दार उघडलंय की! निघा आता!"

"निघतोय, मामा!" तिनेच ओरडून उत्तर दिलं. "दोघंही निघतोय!"

तो बाहेर पडला. त्याच्यामागे दार मिटू दिलं तिने, मग आपलं कार्ड लावलं आणि त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.