सूतगिरणीतली मोटर

जळके पंप दुरुस्त करणाऱ्या माणसानं गेम खेळायला विकतचं स्टिअरिंग घ्यावं, हे किरणला काही पटेना. पिंप्राळ्यात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आणि दुकानाचं शटर पडलं की गडी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचा. मग त्यानं धुळ्याच्या भंगारातून एका बंद सूतगिरणीतली मोटर आणली आणि जुन्या जीपचं स्टिअरिंग थेट तिच्या दांड्यावर बसवलं. मोटर कॉम्प्युटरला जोडली; मध्ये पट्टा नाही, गिअर नाही. पडद्यावरच्या रस्त्यातला खड्डा सरळ तळहाताला लागायचा.

पण त्या चाकावर जीव जडला आबांचा. त्याचे वडील, बन्सीलाल आबा, तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, तेव्हापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. किरणनं तो गंमत म्हणून चाकावर ठेवला. आठ दिवसांत बोटं वळली. पंधराव्या दिवशी आबांनी त्या हातानं भाकरी मोडली आणि मेघा, किरणची बायको, ओट्याशी उभी राहून रडली.

एका रविवारी दुपारी लाइट गेली. पडदा काळा झाला, तरी आबांचा हात चाकासोबत फिरतच होता. थोडा डावीकडे, थांबून थोडा उजवीकडे. लाइट नसताना कशाला फिरवता, असं किरणनं विचारलं.

"मी नही फिरावत," आबा समाधानानं म्हणाले. "कोनी तरी मना हात धरीसन फिराई राहिना."

हात धरून कोण फिरवणार? किरणनं मोटरच्या तिन्ही वायरी सोडवल्या. वायरी सुटलेली मोटर म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आबांचा हात उचलून त्यानं तिथं आपला ठेवला. चाक थांबलं. मग त्याची बोटं कुणीतरी सावकाश, एकेक करून वळवली.

तो भयंकर घाबरला. मोटर उतरवायला पाना घेतला, तर मेघानं मनगट धरलं.

"राहू द्या. हात पुन्हा लुळा पडला, तर आबा खचतील."

चार दिवस त्यानं कसेबसे काढले. पाचव्या दिवशी मोटर गोणीत घालून धुळ्याला परत देऊन आला. येताना सारखं वाटत होतं, बापाचा हातच आपण भंगारात टाकला.

घरी आबा खाटेवर घोरत होते.

उजवा हात हलत होता. अंगठा आणि तर्जनी छातीवरच्या टॉवेलच्या दशा चाचपत होती.

किरण खाली वाकला. सगळ्या दशा जोडीजोडीनं बांधलेल्या होत्या. मोहरीएवढ्या गाठी, सूतगिरणीत तुटलेला धागा जोडताना मारतात तशा. आबांना उभ्या जन्मात सुईत दोरा ओवता आला नव्हता.

त्यानं हलकेच टॉवेल काढून घेतला.

आबा घोरतच होते. हात खाटेवर इकडेतिकडे फिरला, आणि त्यानं किरणच्या बाहीचा सुटलेला दोरा धरला.